पहिलं वाक्य पेशंटचं

नर्सच्या आठवणी मागताना संपादकांच्या मनात काय असतं ते मला पक्कं ठाऊक आहे. एक तर मरताना कोणी तरी कानात सांगितलेलं गुपित हवं असतं, नाही तर देखण्या डॉक्टरचा एखादा किस्सा. माझ्याकडे दोन्ही नाहीत. छत्तीस वर्षं नोकरी केली. मरणाऱ्यांनी बहुतेक वेळा पाणी मागितलं, आणि देखणा डॉक्टर एकच भेटला, तो दातांचा होता. तेव्हा मी लिहिणार आहे ती एका वहीची गोष्ट, ती वही जिच्या डोक्यातून निघाली त्या मीनाक्षीबाईंची गोष्ट, आणि त्या वहीत मी जे करून ठेवलं त्याची.

आधी माझ्या मराठीबद्दल दोन शब्द. मी तंजावरकडच्या मराठी घरातली, वाढले मद्रासला. आमच्या घरी बोलत ती मराठी कैक पिढ्यांपूर्वी दक्षिणेत उतरली आणि भात-सांबार खाऊन तिथलीच झाली. तुम्ही वाचताय ते वळण मला लग्नानंतर सासूबाईंनी लावलं. त्या नागपूरच्या. माझं 'मज' आणि 'तुज' ऐकून त्यांना वाटे, सून घरातून नाही, पोथीतून आली आहे. मीनाक्षीबाईही आमच्यातल्याच, त्यामुळे त्या माझ्याशी एकट्यात बोलत ते त्याच मराठीत. ते मी सुधारून लिहिणार नाही. सुधारलं तर त्या माझ्या कानात ओरडतील.

काळ पन्नासच्या दशकाच्या शेवटचा. इस्पितळ सरकारी, नाव सांगत नाही. बायकांचा सर्जिकल वॉर्ड, चोवीस खाटा, दोन्ही बाजूंना बारा-बारा, मधून लांबलचक वाट. मी तेवीस वर्षांची होते, कडक इस्त्रीची टोपी घालत होते आणि माझ्या अक्षरावर माझा फार जीव होता.

बाहेरच्या माणसाला वाटतं नर्सचं काम म्हणजे इंजेक्शन आणि बेडपॅन. ते असतंच. पण वॉर्ड खरा चालतो तो ड्यूटी बदलताना. सकाळी सातला रात्रीची नर्स सकाळच्या नर्सला वॉर्ड हाती देते. खाटेपाशी उभं राहून सांगायचं: चार नंबर, ऑपरेशनचा तिसरा दिवस, ताप नाही, लघवी झाली, झोप बरी. मग पाच नंबर. हे सगळं पेशंटच्या डोक्यावरून चालतं. पेशंट खाली पडून आपल्याबद्दलची बातमी ऐकत असतो आणि त्याला कोणी विचारत नाही की बाई, हे खरं आहे का.

मीनाक्षीबाई आमच्या सिस्टर ट्यूटर, म्हणजे नर्सिंगच्या शाळेच्या शिक्षिका. पंधराव्या वर्षी विधवा झालेल्या. भावाने नातेवाइकांशी भांडून त्यांना नर्सिंगला घातलं. सोवळ्यातल्या बाईने परक्यांचं बेडपॅन उचलायचं म्हणजे काय, यावर तंजावरात बरेच दिवस चर्चा चालली. एका मावशीने त्यांच्या हातचं पाणीसुद्धा सोडलं. बाई सांगत, "डोईवर टोपी आली, तिच्याखालीं केस वाढले, कोणास कळलें नाहीं. कळलें तोंवर वेणी झाली होती." हे सांगताना त्या अशा हसत की पुढचे दात सगळे दिसत.

त्यांचा सिद्धांत कुठून आला ते त्यांनी मला एकदा सांगितलं. शिकत असताना त्यांच्या लक्षात आलं की पेशंटच्या मनातलं सगळं आयाला माहीत असतं. कोणाला दुखतंय, कोण गोळी उशीखाली लपवते, कोणाला घरी जायची भीती वाटते, सगळं. नर्सला यातलं काहीच ठाऊक नसतं. आया अडाणी, नर्स शिकलेली, मग असं का? बरेच महिने त्यांनी पाहिलं आणि उत्तर काढलं. आया झाडता झाडता थांबते आणि पेशंटकडे बघते. नर्स चार्टकडे बघते. पेशंट ज्याचे डोळे आपल्यावर आहेत त्याच्याशीच बोलतो.

एवढ्यावरून त्यांनी सबंध विचार रचला. आजार डॉक्टरचा, पण आजारात दिवस काढणं पेशंटचं. नर्सचं काम त्या दिवसाशी आहे. नर्सिंग म्हणजे डॉक्टरची उरलीसुरली कामं नव्हेत, आणि आपलं काम काय हे नर्सला पेशंटच्या तोंडून ऐकल्याशिवाय कळणारच नाही. म्हणून ड्यूटी बदलताना पहिलं वाक्य पेशंटचं. ते त्याच्याच शब्दांत, तमिळ तर तमिळ, तेलुगू तर तेलुगू, वहीत उतरवायचं. त्यानंतर ताप, नाडी आणि बाकीचं. आज हे ऐकून तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? तेव्हा कोणी केलं नव्हतं. निदान आमच्या मद्रासेत नव्हतं. बाई दोन बोटांनी टाइप करून परदेशी मासिकांना पत्रं पाठवत आणि तिकडून छापील नकार येत. नकारही त्या फाइलला लावून ठेवत.

मेट्रनबाईंनी त्यांना एक वॉर्ड वापरून बघायला दिला, सहा महिन्यांसाठी. तो आमचा. आणि वही माझ्याकडे दिली, कारण अक्षर.

वहीने आम्हाला सुरुवातीला फार हसवलं. सात नंबरला एक म्हातारी होती, ती रोज सकाळी सुनेची एक तक्रार सांगायची आणि शब्दाला शब्द लिहायचं बंधन असल्याने मी ती लिहायची. तेरा नंबरला अलमेलू टीचर, तिरुवल्लिकेणीच्या शाळेतून रिटायर झालेल्या. त्या वाक्य सांगत नसत, डिक्टेशन देत. "काल रात्री, स्वल्पविराम, मला दोनदा जाग आली, पूर्णविराम." मग वही मागवून शुद्धलेखन तपासत. मोठे सर्जन, ज्यांना सगळे चीफ म्हणत, ते एकदा राउंडला हे पाहून म्हणाले, "पेशंटला बोलायला लावलंत तर माझा राउंड दिवाळीपर्यंत चालेल." सगळे हसले. मीही हसले, हे आता लाज वाटून लिहिते.

पण बहुतेक पेशंट एकच बोलत. मद्रासेत कोणालाही विचारा, कसं काय? उत्तर येतं, परवायिल्लै. म्हणजे ठीक आहे, चालतंय, फार काही नाही. पोट फाडलेलं असो की घर जळलेलं असो, आधी परवायिल्लै. ते सभ्यपण आहे. मोठ्या माणसापुढे, आणि त्यांच्या लेखी टोपीवाली नर्स मोठीच, आपलं दुखणं उघडं करायचं नाही. मीनाक्षीबाईंचा नियम असा की ते लिहायचं, पण तिथेच उभं राहायचं. पाच श्वास मोजायचे. खरं वाक्य त्याच्यामागून येतं. आणि बहुतेकदा यायचंच. मी स्वतः पाहिलं होतं.

सहा महिने संपत आले. कमिटी येणार होती: चीफ, मेट्रन आणि आरोग्य खात्यातले एक अधिकारी. वही बघून ठरवणार, ही पद्धत सगळ्या इस्पितळात न्यायची की बंद करायची. बाईंची वीस वर्षांची मेहनत त्या एका दुपारवर येऊन ठेपली होती. आणि नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या दोन नर्सेस तापाने आडव्या झाल्या. सकाळी चोवीस खाटांना मी आणि एक शिकाऊ मुलगी.

चोवीस पेशंट, प्रत्येकी पाच श्वास, शिवाय ड्रेसिंगं, शिवाय ऑपरेशनला जाणाऱ्यांची तयारी. पहिल्या दिवशी मी नऊपर्यंत धावत होते. दुसऱ्या दिवशी मी टेबलापाशी बसले आणि चोवीस नावांपुढे चोवीस वेळा सुंदर अक्षरात लिहिलं: परवायिल्लै. पाऊण पान झालं. मनाशी म्हटलं, नाही तरी हेच सांगतात. पान कोरं राहिलं तर कमिटी नावं ठेवील आणि बाईंचं नुकसान होईल. मी बाईंसाठीच करतेय. चूक करणाऱ्याला स्वतःची समजूत किती पटकन काढता येते ते मला त्या दिवशी कळलं नाही, नंतर कळलं. असं मी चार दिवस केलं. दर तीन-चार ओळींमागे "झोप बरी लागली" असंही घालायला लागले, म्हणजे पान खरं दिसावं. शिवाय खाटांमधून वही हातात धरून चालायचे, लिहितेय असं दाखवत.

पाचव्या दिवशी, कमिटीच्या आदल्या सकाळी, मीनाक्षीबाई वॉर्डात आल्या आणि नऊ नंबरपाशी थांबल्या. नऊ नंबर मुनियम्मा, धोबीण, गर्भाशयाचं ऑपरेशन होऊन सहावा दिवस. तिची आई वाटीत तेल कोमट करून घेऊन बसली होती.

"काय म्हणतेस मुनियम्मा?" बाईंनी विचारलं.

"परवायिल्लै अम्मा."

बाई उभ्याच राहिल्या. मी मागे उभी. पाच श्वास.

"डावी पोटरी ओढतेय," मुनियम्मा म्हणाली. "परवापासून. जड झालीय. आई आता तेल लावून चोळणार आहे."

बाईंनी वाटी म्हातारीच्या हातातून काढून घेतली. हिसकावलीच. मग पायावरचं पातळ वर केलं. डावी पोटरी उजवीपेक्षा सुजलेली, गरम, चकचकीत. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: ऑपरेशननंतर बरेच दिवस पडून राहिलं की पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते. ती तिथे राहिली तर औषध आहे. चोळली, सुटली आणि वर छातीत गेली तर माणूस बोलता बोलता जातो. म्हातारीने तेलात बोटं बुडवलेली होती.

डॉक्टर आले, पाय उंच केला, औषध सुरू झालं. मुनियम्मा वाचली, पुढे चालत घरी गेली. पण त्या धावपळीत ती बाईंना सहज म्हणाली, "मी काल या सिस्टरम्मांना हाक मारली होती. त्या लिहीत होत्या."

बाईंनी वही मागितली. नऊ नंबरची आदल्या दिवशीची ओळ वाचली, मग तिच्या वरची, मग खालची. मग मागची पानं. "दोन वाजतां माझ्या खोलींत ये," एवढंच म्हणाल्या.

दोनला गेले तेव्हा वही टेबलावर होती. मी रडायचं नाही असं ठरवून गेले होते आणि दारातच रडले. मग म्हटलं, "अक्का, चार पानेंच आहेत. मी फाडून फिरून लिहून देतें. सगळ्यांस आतां विचारतें. उद्यां कमिटीस कळणार नाहीं."

"फिरून लिहिलीस तर तें कोणाचें वाक्य होईल गे?" त्या म्हणाल्या. "त्या सकाळचें तर नव्हे."

"मग तुमचें सगळें बुडेल."

"बुडेल तर बुडेल. उद्यां ये. टोपी नीट घालून ये." मग, माझ्याकडे न बघता, "मज तुझा राग आला आहे, अंबुजा. फार आला आहे. हें तुज ठाऊक असावें म्हणून सांगितलें."

दुसऱ्या दिवशी कमिटीपुढे बाईंनी पहिलं वाक्य उच्चारलं ते असं: "या वहीतली चार पानं खोटी आहेत." चार कागदी खुणा त्यांनी स्वतः घालून आणल्या होत्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले आणि सांगितलं, मी लिहिली, न विचारता लिहिली. मेट्रनबाईंनी कपाळाला हात लावला. चीफ खुर्चीत मागे टेकले.

"म्हणजे तुमची पद्धत फसली," ते म्हणाले.

"पद्धत नाही, नर्स चुकली," बाई म्हणाल्या. "ताप न बघता कोणी चार्टवर आकडा लिहिला, तर तुम्ही थर्मामीटर फेकून देता का?"

चार्टवर आकडे कसे लिहिले जातात हे त्या खोलीत सगळ्यांनाच माहीत होतं. अधिकारी मात्र शांत माणूस होते. त्यांनी ती चार पानं सावकाश उलटली आणि विचारलं, "या दिवशी या बायकांना खरं काय सांगायचं होतं, ते कोणाला ठाऊक आहे?"

"अंबुजा विचारून येईल," बाई म्हणाल्या. "एक महिना द्या. वॉर्डात आहेत त्यांना वॉर्डात, घरी गेल्या त्यांच्या घरी. काही निघालं नाही, सगळ्या खरोखरच बऱ्या होत्या, तर वही बंद करा. मी हरकत घेणार नाही."

त्यांनी आपलं आयुष्यभराचं काम माझ्या पायांवर ठेवलं. मला त्यावेळी शिक्षा वाटली. आता वाटतं, एवढा विश्वास कोणी माझ्यावर नंतर टाकला नाही.

वॉर्डातल्या बायका दोन दिवसांत झाल्या. सात नंबरच्या म्हातारीने चारही दिवसांच्या सुनेच्या तक्रारी, एकही न गाळता, सांगितल्या. घरी गेलेल्या नऊ जणी. रजिस्टरमधून पत्ते काढले आणि सुट्टीच्या दिवशी निघाले. नर्स घरी आली म्हणजे काही तरी वाईट, अशी लोकांची समजूत. दार उघडणाऱ्याचा चेहरा आधी पडायचा, मग मी माझा विचित्र प्रश्न विचारायची: त्या सकाळी मी विचारलं असतं तर काय सांगितलं असतंत?

एग्मोर स्टेशनच्या मागे पोर्टरांची वस्ती होती. तिथली एक म्हणाली, तिला विचारायचं होतं की आता मूल होईल का. घरी येऊन नवऱ्याला विचारलं, त्याला काय ठाऊक, आणि दोघं तेव्हापासून गप्प होती. मी तिथेच पायरीवर बसून तिला समजावलं. होईल असं सांगितल्यावर तिने आतून नवऱ्याला ओढत आणलं आणि म्हणाली, पुन्हा सांगा. पेरुंगुडी त्या वेळी खेडं होतं, बसमधून उतरून भातशेतांच्या बांधावरून चालत गेले, साडीच्या काठाला चिखल. तिथली बाई म्हैस धूत होती. तिने फार विचार केला, डोकं खाजवलं, आणि म्हणाली, "परवायिल्लै हेच सांगितलं असतं अम्मा. खरंच बरं होतं." मला हसू आवरेना. नऊ जणींत एक तरी माझं लिहिलेलं खरं निघालं.

अलमेलू टीचरांनी मला व्हरांड्यात उभं ठेवलं. "टाका ओढत होता, स्वल्पविराम," त्या म्हणाल्या, "आणि तू न विचारता लिहीत होतीस, पूर्णविराम. मी बघितलं."

"मग बोलला का नाहीत टीचर?"

"तू दमलेली दिसत होतीस. आणि मी चाळीस वर्षं मुलींना पकडलंय. कंटाळा आला." मग कॉफी दिली, स्वतः करून, आणि माझ्यासमोर बसून मी ती पूर्ण पिते की नाही ते पाहिलं.

शेवटचा पत्ता गुम्मिडिपूंडीकडचा. तेव्हा तिथे कारखाने नव्हते. रेल्वेने गेले, पुढे बैलगाडी, पुढे चालत. पच्चैयम्मा, वय तीस, पोटाचं ऑपरेशन, माझ्या खोट्या पानांपैकी तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज. घराबाहेर मागावर तिचा नवरा विणत होता. मी तिचं नाव घेतलं तसा त्याचा हात थांबला.

ती घरी आल्यानंतर अकराव्या दिवशी गेली होती. ताप चढत गेला, गावातल्या वैद्याने काढा दिला, बैलगाडी मिळेपर्यंत उशीर झाला.

मी परत फिरणार होते. प्रश्न विचारायला तोंडच उरलं नव्हतं. त्यानेच विचारलं, कशाला आलात? मग मी सांगितलं. सगळं सांगितलं, चोवीस ओळींसकट. तो ऐकत राहिला. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं.

"त्या सकाळी मी तिच्यापाशी होतो," तो म्हणाला. "तिला थंडी वाजत होती. दात वाजत होते. मी म्हटलं, सांग त्यांना. ती म्हणाली, सिस्टरम्मा आल्या की सांगते. तुम्ही आलात. वहीत लिहीत होतात. ती म्हणाली, कामात आहेत, जाऊ दे, थंडी थांबली."

मग तो आत गेला आणि माझ्यासाठी लोट्यात ताक घेऊन आला. ते कसं प्यायले ते मला आठवत नाही. तिथेच ओट्यावर बसून, तिच्या नावापुढे, त्याने सांगितलं तसं, त्याच्या शब्दांत मी लिहिलं. अक्षर खराब आलं. विचारलं असतं तर ती वाचली असती का? डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. मलाही सांगता येत नाही. पण थंडी वाजून येणाऱ्या बाईला कोणत्याही सर्जनने त्या दिवशी घरी सोडलं नसतं, एवढं मला तेव्हाही ठाऊक होतं.

महिन्याने कमिटी पुन्हा बसली. अधिकाऱ्यांनी नवी पानं मोठ्याने वाचायला सांगितली आणि मी वाचली, पच्चैयम्माचं सुद्धा. चीफनी तिचा चार्ट मागवला. सहाला ताप नव्हता. नवऱ्याने सांगितलेली थंडी साडेसातची. डिस्चार्ज दहाला, सही त्यांची. मग चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "वही चालू ठेवा. सगळ्या वॉर्डांत." पुढे त्यांचा राउंड खरोखरच लांबायला लागला आणि त्याबद्दल ते कधी कुरकुरले नाहीत.

मीनाक्षीबाईंना परदेशी मासिकांनी शेवटपर्यंत छापलं नाही. त्यांचं पुस्तक त्यांनीच टाइप करून, सायक्लोस्टाइल करून, शिवून घेतलं. त्यावर मद्रासेत नर्सेसच्या कैक तुकड्या शिकल्या आणि त्या मुली जिथे जिथे गेल्या तिथे वही घेऊन गेल्या. पुढे बाहेरच्या विद्वानांनी याच धर्तीवर लिहिलेलं मोठमोठ्या नावांनी आलं, तेव्हा बाई निवृत्त झाल्या होत्या. मी चिडून त्यांना दाखवायला गेले. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि "बरें लिहिलें आहे की" म्हणाल्या. मला अजूनही त्याचा राग आहे. त्यांना नव्हता.

त्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण माझ्या चार पानांवर आहे. नाव दिलेलं नाही, 'एक नर्स' एवढंच. बाईंच्या जागी मी ट्यूटर झाले तेव्हा ते प्रकरण मलाच शिकवावं लागलं, दरवर्षी, नव्या टोप्या घातलेल्या मुलींना. पहिली दोन वर्षं मी ते भराभर उरकलं. तिसऱ्या वर्षी सांगून टाकलं की ती नर्स मी. मग एकीने विचारलं, आणि पुढे दर वर्षी कोणी ना कोणी विचारत आलीच, की मॅडम, मग तुम्हाला काढून का टाकलं नाही?

त्यांना मी सांगते ते तुम्हालाही सांगते. गुम्मिडिपूंडीहून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी राजीनामा लिहून बाईंच्या टेबलावर ठेवला होता. म्हटलं, मज ठेवूं नका अक्का. मी या कामाची नव्हे.

त्यांनी तो वाचला. घडी घातली.

"तुज काढलें तर मज दुसरी आणावी लागेल," त्या म्हणाल्या. "तिज हें सगळें पहिल्यापासून शिकवावें लागेल. आणि तें शिकवावयास आणिक एक पच्चैयम्मा लागेल. ती मी कोठून आणूं, सांग?"

घड्याळात पावणेदोन झाले होते, दोनला ड्यूटी बदलायची होती. मी टोपी नीट केली आणि वॉर्डात गेले.